पातळ तेल

मला बघायला आले होते तेव्हा जयवंत आणि अप्पांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि चहा पिऊन होकार देऊन टाकला. गाडीचं तेल निवडायला मात्र या बापलेकांनी परळच्या दुकानात अख्खी सकाळ घालवली. मी आणि आमची लेक राधा बाहेर फुटपाथवर उभ्या. राधाचं आइस्क्रीम संपलं, माझ्या ओढणीला हात पुसून झाले, तरी आत तेलाची परीक्षा चालूच होती.

तेव्हा मला हसू येत होतं. आता ते दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. त्या तेलापायी माझी सात वर्षांची पोर जाता जाता वाचली. कशी, ते पहिल्यापासून सांगते.

गाडी आम्ही जुनीच घेतली होती, डिझेलवरची. जयवंत लोअर परळच्या एका ऑफिसची माणसं नेतो-आणतो, आणि आठवड्यातून दोनदा तरी त्याला पुण्याची फेरी असते. म्हणजे घाट आला. लालबागचा आमचा मेकॅनिक रामदास म्हणाला, एवढं पळवतोस तर साधं तेल सोड, सिंथेटिक घाल. जयवंतने ते मनावर घेतलं. अप्पांनी ते जिवाला लावून घेतलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन कॅन मांडले. साधं, अर्धं सिंथेटिक आणि पूर्ण सिंथेटिक.

"रोजचं रनिंग, वर घाट," तो म्हणाला, "डोळे मिटून फुल सिंथेटिक न्या. हे नुसतं गाळलेलं तेल नाही, कारखान्यात जुळवून बनवलेलं असतं. उष्णतेने लवकर जळत नाही, गाळ धरत नाही. सकाळी गाडी चालू केली की लगेच इंजिनात वरपर्यंत पोचतं."

"पण पातळ असतं ना?" जयवंतने विचारलं.

"पातळ असतं म्हणून तर पोचतं."

"बोटावर दे," अप्पा म्हणाले.

दुकानदाराने एका उघड्या कॅनमधला थेंब त्यांच्या बोटावर सोडला. अप्पांनी तो अंगठ्याने चोळला, हुंगला, मग अंगठा आणि बोट हळूच वेगळं करून उजेडात धरलं. "बघ, तार सुटत नाय. ह्ये तेल नाय रे जयवंत, पाणी हाय."

"अप्पा, आता सगळी तेलं अशीच असतात."

"असतील. पाणी पण सगळीकडं असतंच की."

दुकानदार हसला, जयवंत हसला, बाहेरून मीही हसले. अप्पा हसले नाहीत. जयवंतने पूर्ण सिंथेटिकचा कॅन उचलला आणि आम्ही निघालो. चाळीपर्यंत अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट मोडला म्हणून तोंड वाकडं झालंय. तसं नव्हतं. ते घाबरले होते.

माझे सासरे बाबुराव, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, संपाआधी गिरणीत ऑइलर होते. रिंग खात्यातल्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांना तेल घालायचं, हे त्यांचं काम. लांब चोचीची झारी घेऊन ओळीने फिरायचं, प्रत्येक बेअरिंगवर हात ठेवायचा, गरम लागलं की तेल सोडायचं. ती यंत्रं जुनी. घातलेलं तेल त्यांच्यात राहायचं नाही, खाली गळून जायचं, म्हणून प्रत्येक पाळीला पुन्हा घालावं लागायचं. आमच्या बीडीडी चाळीतले त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगतात, बाबुरावच्या ओळीतलं यंत्र कधी कुरकुरलं नाही.

संपाच्या आदल्या वर्षी गिरणीत दुसरं तेल यायला लागलं. स्वस्त आणि पातळ. अप्पांनी वर जाऊन सांगितलं, कोणी ऐकलं नाही. त्यांच्याच ओळीतलं एक बेअरिंग तापलं, खाली साठलेल्या कापसाच्या तुसाने पेट घेतला, आणि दत्ताराम त्यात सापडला. दत्ताराम म्हणजे त्यांच्या शेजारच्या खोलीतला, बरोबर पाळीला जाणारा, बरोबर जेवणारा माणूस. तो हॉस्पिटलात गेला आणि तिथून परत आला नाही. अप्पांनी त्या दिवशी तेल घातलं होतं. घातलं होतं, पण पातळ होतं, उतरून गेलं. पुढे संप झाला, गिरणी गेली, अप्पांनी जिथे मिळाली तिथे वॉचमनची कामं केली. पण दत्तारामाचं नाव निघालं की ते आजही उठून गॅलरीत जातात.

आता असा माणूस आपल्या मुलाच्या गाडीत पातळ तेल पडताना बघतो, आणि ती गाडी घाटात जाते. त्यांना झोप कशी लागावी?

जयवंत संध्याकाळी यायचा, चावी खिळ्याला अडकवायचा आणि आंघोळीला जायचा. अप्पा फडकं घ्यायचे, चावी घ्यायचे. "गाडी पुसून येतो गं नलू." मला बरं वाटायचं. दिवसभर खिडकीत बसून माणूस आंबून जातो, तेवढेच हातपाय हलतात, असं मी शेजारणींनाही सांगायची.

खाली जाऊन ते आधी बॉनेटवर पंजा ठेवायचे. पुण्याहून आलेली गाडी, ती गरमच असणार. तिच्यात अमृत घातलं असतं तरी ती गरमच असती. पण अप्पांच्या तळहाताला गरमचा एकच अर्थ माहीत होता. ते बॉनेट उघडायचे. तेलाच्या झाकणावर झारीचंच चित्र असतं, त्यामुळे कुठे घालायचं हे कोणाला विचारायची गरज नव्हती. परळहून सुटं, जाड तेल त्यांनी आणून ठेवलं होतं. त्यातलं थोडं रोज आत सोडायचे, झाकण लावायचे, गाडी लख्ख पुसायचे आणि वर येऊन जेवायला बसायचे. इंजिनातलं तेल मोजायला आत एक दांडी असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गिरणीत तेल मोजत नसत, हाताने ओळखत. आणि या गाडीतून तेल गळत नव्हतं. रोज घातलेलं सगळं आतच साठत होतं.

हे आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला मी आधीच सांगते, कारण जी भीती आम्हाला वेळेवर वाटायला हवी होती, ती निदान तुम्हाला तरी वाटू दे.

काही दिवसांनी गाडी चालू करताना मागून निळसर धूर यायला लागला. "जुनी गाडी आहे," जयवंत म्हणाला. मग वास यायला लागला. राधा नाक धरून म्हणाली, "आई, फोडणी जळली." धूर दिसला की अप्पा घाबरायचे, आणि घाबरले की त्या दिवशी जरा जास्त घालायचे. संध्याकाळी ते खिडकी सोडेनात. गाडी कोपऱ्यावर दिसेपर्यंत ताटावर बसायचे नाहीत. त्यांचं बघून माझाही जीव खालीवर व्हायला लागला. आधी मी जयवंतला कधी फोन करायची नाही. आता घाट उतरलात का, जेवलात का, गाडी तापत नाही ना, असं दर थोड्या वेळाने विचारायला लागले. तो वैतागायचा. "काय झालंय तुम्हा दोघांना? सोमवारी दाखवतो रामदासला, बस?"

सोमवारच्या आधी रविवार आला. माझ्या बहिणीच्या, शेवंतीच्या मुलाचं नाव ठेवायचं होतं, भायखळ्याला. अप्पांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला. मी ठेवणीतल्या चपला काढल्या. मी पुढे बसले. मागे डावीकडे राधा, उजवीकडे अप्पा. मागच्या दारांना लहान मुलांचं लॉक लावलेलं होतं, कारण एकदा सिग्नलला राधाबाईंनी दार उघडून पाय बाहेर काढला होता. त्यामुळे मागची दारं आतून उघडत नसत, बाहेरूनच उघडावी लागत.

परळकडून आम्ही लालबागच्या पुलावर चढलो. चढावर जयवंतने गाडी जरा रेटली. वर आल्यावर गाडीचा आवाज उतरायला हवा होता. तो वाढला.

"अहो, हळू."

"मी काही दाबलेलंच नाही."

त्याचा आवाज ऐकून मी खाली बघितलं. त्याचा पाय पेडलवर नव्हता. गाडी आपल्या मनाने पुढे धावत होती आणि समोर एका मोटरसायकलवर नवरा, बायको आणि त्यांच्या मधोमध झोपलेलं मूल होतं.

जयवंतने क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, गाडी डावीकडे घेतली आणि कठड्याला लावली. गाडी थांबली. इंजिन नाही थांबलं. चाकांचं ओझं सुटल्यावर ते असं काही किंचाळायला लागलं की माझे दात दुखायला लागले. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरत होती. जयवंतने चावी बंद केली. काट्यांचे दिवे गेले, गाणं बंद पडलं. इंजिन तसंच ओरडत राहिलं. त्याने चावी उपसून काढली आणि माझ्यासमोर धरली, जणू मी काहीतरी सांगेन. चावी त्याच्या हातात होती आणि इंजिन चालू होतं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. जे बंद केलंय ते बंद होत नाही, याच्यापुढे माणसाने करायचं काय?

मागे बघितलं तर पूल नव्हता. पांढरा धूर होता नुसता, भिंतीसारखा. त्याच्या आतून हॉर्न वाजत होते. आम्हाला मागची गाडी दिसत नव्हती म्हणजे मागच्या गाडीला आम्ही दिसत नव्हतो. एखादी बस त्या धुरातून आली असती तर ती आधी मागच्या सीटवर आली असती. मागच्या सीटवर राधा होती.

"उतर! राधाला काढ!" जयवंत ओरडला.

दार आणि कठडा यांच्यात जेमतेम फट होती. मी कशी बाहेर पडले ते आठवत नाही, ओढणी मात्र दारातच राहिली. मागचं दार पकडलं तर माझी बोटं घामाने सटकायला लागली. काचेला राधाचे दोन्ही पंजे टेकलेले, तोंड उघडं, ती काय ओरडते ते ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या झटक्याला दार उघडलं. अप्पांनी तिला मागून ढकललं, मी पुढून ओढलं, आणि पाठोपाठ तेही सरकत बाहेर आले. आम्ही कठड्याला धरून गाडीच्या पुढे पळालो.

तेवढ्यात धुरातून ब्रेक कचकचले. एक टेम्पो आमच्या गाडीच्या मागे, हातभर अंतरावर, तिरका होऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर खाली उडी मारून मागच्या गाड्यांना हात करत सुटला आणि मग आमच्याकडे धावला. अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "इंजन भाग गया है! बोनेट खोलो! हवा का पाइप बंद करो, कपड़ा ठूँस दो!"

अप्पांनी ते ऐकलं आणि सरळ गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. बॉनेट उचलायला लागले. ते उचललं जाईना, कारण त्याचा खटका आत, स्टिअरिंगखाली असतो. रोज तो ओढणाऱ्या अप्पांना त्या घाईत त्याची आठवणच राहिली नाही. वाकून, दोन्ही हातांनी, ते पत्रा ओढत राहिले.

आत जयवंतचं वेगळंच चाललं होतं. त्यालाही ड्रायव्हर लोकांकडून एक उपाय ठाऊक होता. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ब्रेकने धरलं तर. नाही धरलं तर गाडी पुढे झेप घेते. त्याने गिअर टाकलेला मला दिसला. मान खाली होती, डोळे पायांकडे होते. वाऱ्याने मागचा धूर आता गाडीवरून पुढे येत होता. समोर आपला बाप वाकलेला आहे, हे त्याला दिसत नव्हतं.

"जयवंत!" लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्याला नावाने हाक मारली. ती माझी मलाच ऐकू आली नाही. पुढे धावणार तर राधाने माझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातलेली. तिला झटकून जावं तर ती त्या धुरात, गाड्यांत, एकटी. न जावं तर अप्पा. देवधर्म मी करत नाही, पण त्या क्षणी कोणाला तरी हाक मारावी असं वाटलं आणि कोणाला ते सुचेना. मी पायातली चप्पल काढली आणि जीव खाऊन गाडीच्या पुढच्या काचेवर मारली.

चपलेची टाच काचेवर आपटली. जयवंतने मान वर केली. धुराच्या फटीतून त्याला पांढरा शर्ट दिसला असणार, कारण त्याचा चेहरा जो बदलला तो मला जन्मभर विसरायचा नाही. त्याने क्लच सोडला नाही. दुसरा हात खाली घातला. खट्कन बॉनेट सुटलं.

अप्पांनी ते वर केलं. टेम्पोवाला बोटाने दाखवत होता, "वो पाइप! उसका मुँह!" अप्पांनी अंगातला शर्ट ओढला, बटणं तुटून उडाली, त्याचा बोळा करून त्यांनी त्या पाइपाच्या तोंडात कोंबला. इंजिनाने तो हातातून खेचायला सुरुवात केली. शर्टाची बाही सुर्रकन आत गेली. अप्पांनी दोन्ही तळवे वर दाबून धरले, अंगाचा सगळा भार टाकून. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, गाडी उभ्या उभ्या हिसके द्यायला लागली, आणि एका धक्क्यासरशी सगळं थांबलं.

कानात नुसतं वाजत होतं. मग हळूहळू मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले, मग राधाचं रडणं. बनियनवर उभ्या असलेल्या अप्पांकडे बघत ती हुंदक्यांच्या मध्येच म्हणाली, "आजोबा, गाडीने तुमचा शर्ट खाल्ला."

जयवंत खाली उतरला आणि कठड्याला धरून ओकला.

टेम्पोवाल्याने इंजिनात हात घालून तेलाची दांडी उपसली, पुसली, परत घालून काढली आणि शिट्टी मारली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं. त्याने सांगितलं ते असं की जास्तीचं तेल उसळून हवेच्या वाटेने इंजिनाच्या पोटात गेलं, आणि इंजिन डिझेलऐवजी त्या तेलावरच पळायला लागलं. चावीने डिझेल बंद होतं, तेल कसं बंद होणार? "किसने भरा इतना?" त्याने विचारलं.

जयवंतने तोंड पुसलं आणि फोन काढला. "रामदास, काय केलंस तू माझ्या गाडीला? माझी पोर होती आत! ऐकतोस का? माझी पोर..."

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "त्याला नको बोलू. मी घातलं."

"काय घातलं?"

"तेल. रोज घालत होतो. गाडी गरम असायची रे. रोज गरम असायची."

जयवंतने फोन कानावरून काढला. "कशाला, अप्पा?"

"तू घाटातनं यायचा. ते तेल पातळ... दत्तारामाला..."

जयवंत गप्प राहिला. मी नाही राहिले. मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी पुलावर उभी राहून, सगळ्या गाडीवाल्यांसमोर ओरडले, "मारलं असतं तुम्ही पोरीला! मारलंच असतं!" बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून मी ते आजही परत घेत नाही.

"व्हय," अप्पा म्हणाले. एवढंच.

गाडी रामदासकडे ओढून नेली. नामकरणाला आमच्याकडून कोणी गेलं नाही. आणि त्या दिवसापासून अप्पांनी कशालाच हात लावायचं सोडलं. गॅस पेटवायचे नाहीत. राधाने पाणी मागितलं तर शेजारी माठ असूनही म्हणायचे, "आईला सांग." दिवसभर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मला राग होता तोवर मी बघून न बघितल्यासारखं केलं. राग उतरल्यावर मला दिसलं की मीही त्यांना काही करू देत नव्हते. ते उठले की माझी नजर त्यांच्या हातांवर जायची. राधा त्यांच्याजवळ बसली की मी काहीतरी निमित्त काढून तिला बोलवायची. मला त्यांची भीती वाटत होती. ज्या माणसाने माझ्या मुलीला गाडीबाहेर ढकललं आणि तापलेल्या इंजिनावर हात दाबून धरले, त्याच माणसाची.

जयवंतला हे कळत होतं. रामदासचा फोन आला, इंजिन वाचलंय, सगळं धुऊन काढलंय, आता तेल कोणतं घालू? जयवंत म्हणाला, "तेच, सिंथेटिक. पण तू नको घालू. आम्ही येतो."

सकाळी तो आम्हा सगळ्यांना लालबागला घेऊन गेला. अप्पा यायला तयार नव्हते, त्याने त्यांना हाताला धरून जिना उतरवला. गॅरेजात गाडी बॉनेट वर करून उभी होती. जयवंतने नवा कॅन उघडला, अप्पांच्या हातात दिला आणि दांडी काढून त्यांना दाखवली. "ही खालची खूण, ही वरची. या दोन्हीच्या मध्ये थांबायचं. गाडी गरम असो की थंड, ते बघायचं नाही. हेच बघायचं."

"माझ्या हातनं नको रे. माझ्या हाताला आता समज नाय राह्यली."

"अप्पा, मी घाटात गेलो की तुम्हाला घास उतरत नाही. मी घालून आलो, रामदासने घातलं, असं सांगून तुमची भीती जाणार आहे का? तुम्हीच घाला. तुम्हीच बघा."

अप्पांनी कॅन उचलला. त्याबरोबर राधा दोन पावलं मागे सरकली आणि माझ्या पाठीमागे लपली. अप्पांनी ते बघितलं. कॅन हळूच खाली ठेवला, हातांना काही लागलेलं नव्हतं तरी ते लेंग्याला पुसले, आणि दाराकडे वळले.

रामदास पान्याशी चाळा करत राहिला. जयवंत माझ्याकडे बघत होता. त्याला काय हवंय ते मला समजलं, आणि ते मला नको होतं. तरी मी राधाला कडेवर घेतलं. ती आता जड झालीय, पण घेतलं. गाडीचं मागचं दार उघडलं, तिला घेऊन आत बसले, त्याच सीटवर, आणि दार ओढून घेतलं. ते आतून उघडत नाही, हे मला माहीत होतं.

"अप्पा," मी काचेतून म्हटलं, "घाला."

त्यांनी दाराजवळून परत येऊन कॅन उचलला. मग बॉनेटच्या मागे गेले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तेल आत पडताना ऐकू येत होतं. मध्येच थांबायचे, दांडी काढल्याचा आवाज यायचा. "पुरे?" ते विचारायचे. "अजून," जयवंत म्हणायचा. पुन्हा थोडं, पुन्हा "पुरे?" राधाचं नाक माझ्या गळ्यात खुपसलेलं होतं आणि मी त्यांचं प्रत्येक "पुरे?" मोजत होते. शेवटी जयवंत म्हणाला, "बास. बरोबर आलं."

झाकण लागलं. जयवंत पुढे येऊन बसला. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. राधाने माझा दंड घट्ट धरला. जयवंतने चावी उलटी फिरवली.

इंजिन बंद पडलं.

बॉनेटच्या मागून अप्पांच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, मी कधी ऐकला नव्हता तसा. रडता रडताच ते म्हणाले, "परत एकदा कर रे. परत एकदा बंद करून दाखव."

जयवंतने पुन्हा चावी फिरवली.